‘निकृष्ट वेल्डिंग’ लिहिण्याआधी वितळलेल्या रसाचं गणित बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो, त्यामुळे हे पत्र घरच्याच माणसाने लिहिलंय असं समजून वाचा. कुठे टाकी फुटली, कुठे होर्डिंग पडलं, कुठे शाळेच्या गेटचा जोड निखळला की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं, वेल्डिंग निकृष्ट दर्जाचं असल्याचं दिसून आलं. बस, पुढे काही नाही. वाचणारा त्यातून एवढंच घेतो की वेल्डर कामचुकार होता. मी तीस वर्षं फॅब्रिकेशन लाईनमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली, कामचुकार वेल्डर पण पाहिले, पण जोड खराब का झाला ह्याचं कारण दरवेळी माणसाच्या हातात नसतं आणि हे मला स्वतःला फार उशिरा कळलं, कळलं तेव्हा एका माणसाचं नुकसान होऊन गेलेलं होतं. म्हणून लिहितोय.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भोसरी भागातल्या एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) आम्ही डेअरीसाठी स्टेनलेसच्या दुधाच्या टाक्या बनवायचो. ३०४ ग्रेडचं (स्टेनलेसचा नेहमीचा प्रकार) ३ एमएमचं शीट, आतल्या बाजूला टिग वेल्डिंग म्हणजे ज्याला सगळे आरगॉन म्हणतात ते, फिलर म्हणजे वरून भरायची तार न घालता सरळ दोन कडा वितळवून जोडायच्या आणि मागच्या बाजूने पण रस एकसारखा उतरला पाहिजे, कारण जिथे उतरत नाही तिथे बारीक फट राहते आणि फटीत दूध अडकलं की नासतं. हे काम तात्या करायचे. तात्या म्हणजे आमचे सगळ्यात जुने वेल्डर, त्यांचा बीड म्हणजे जोडाची रेघ बघायला नवीन पोरं मुद्दाम उभी राहायची. एकदा शीटचा नवा लॉट आला आणि त्यातल्या पहिल्या टाकीपासून पेनेट्रेशन मिळेना, म्हणजे रस खोल उतरेना. करंट तोच, १२० ऍम्पिअर, टॉर्चचा स्पीड तोच, गॅस तोच, टॉर्चचं टंगस्टनचं टोक नवीन घासून घेतलेलं, आणि मागे बघावं तर जोड जसाच्या तसा दिसतोय. तात्यांनी करंट वाढवून पाहिला तर बीड रुंद झाला, खोल काही गेला नाही.

तेव्हा तात्या मला म्हणाले होते, "साहेब, ह्या मालाचा रस कडेला पळतोय, खाली बसतच नाही." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं वय झालं, डोळ्याला कमी दिसतंय, आता मालाला दोष देतायत. सहा टाक्यांचं रिवर्क निघालं, तात्यांना टाकीच्या कामावरून काढून स्टँड आणि ब्रॅकेटच्या कामाला लावलं, ओव्हरटाइम गेला, आणि वर्षभरात ते काम सोडून कराडकडे गावी निघून गेले. रिजेक्शन रिपोर्टवर सही माझी होती, कारणाच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, वेल्डरची चूक.

आता गणिताकडे येतो, कारण खरा विषय तो आहे आणि आपल्या वाचकांना तो कळणार नाही असं मला अजिबात वाटत नाही.

थिजलेल्या तुपाचं भांडं गॅसवर ठेवा. आधी बुडाशी थोडं वितळतं, मग वितळलेलं तूप हलायला लागतं आणि ते हलणारं तूपच बाकीचं तूप वितळवतं. नुसत्या भांड्याच्या उष्णतेने जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा लवकर होतं. वेल्डिंगमध्ये हेच होतं, फक्त तूप नसून पोलाद असतं, भांडं म्हणजे तीच न वितळलेली प्लेट, आणि सगळं ६-७ मिलिमीटर रुंदीच्या जागेत. १२० ऍम्पिअर आणि साधारण १२ व्होल्ट म्हणजे दीड किलोवॅटच्या आसपास, घरातल्या इंडक्शन शेगडीएवढीच पॉवर, पण ती नखाएवढ्या जागेवर एकवटलेली, म्हणून लोखंडासारखी वस्तू जी १५३८ डिग्रीला वितळते तिचं पण पाणी होतं. पाणी हा शब्द मी उगाच वापरला नाही. वितळलेलं पोलाद आपल्याला लाव्हासारखं घट्ट वाटतं, पण त्याची चिकटी आणि वजन दोन्ही धरून हिशोब केला तर ते वाहायला जवळजवळ पाण्याइतकंच सोपं आहे. त्या इवल्याशा डबक्यात, ज्याला आम्ही पडल म्हणतो, रस सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने फिरत असतो, म्हणजे एक कण सेकंदाभरात कित्येक फेऱ्या मारून येतो.

आणि हे काही डोळ्याने दिसत नाही. धातूच्या आरपार बघता येत नाही, वर आर्कचा, म्हणजे टॉर्च आणि प्लेटमधल्या विजेच्या ज्योतीचा, उजेड. म्हणून गणित लागतं.

सुरुवातीला लोकांनी हा फिरणारा रस हिशोबातच धरला नव्हता. वितळण्याचं गणित तसं जुनं, ऑस्ट्रियाच्या योझेफ श्टेफान ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फ किती जाड होत जातो ते मांडलं, त्यात अडचण अशी की बर्फ आणि पाणी ह्यांची सीमा कुठे आहे तेच शोधायचं असतं आणि ती सारखी सरकत असते. वेल्डिंगमध्ये १९४० च्या आसपास डॅनिएल रोझेंथाल ह्यांनी सरकणाऱ्या उष्णतेच्या ठिपक्याचं सूत्र दिलं. जोडापासून लांब तापमान किती जाईल हे त्यातून आजही बऱ्यापैकी बरोबर मिळतं, पण खुद्द ठिपक्याच्या जागी उत्तर अनंत डिग्री येतं, कारण उष्णता एका बिंदूत कोंबलेली आहे. मग १९८४ मध्ये कॅनडातल्या गोल्डाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बिंदू फुगवून पुढे आखूड मागे लांब अशा अंड्याच्या आकाराचा केला, तो आज वेल्डिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. वाकणं, ताण, आकसणं ह्यासाठी तो उत्तम आहे. पण ह्या दोन्हीत रस जागचा हलत नाही. आणि तात्या जे सांगत होते ते तर रस हलण्याबद्दलच होतं.

रसाला चार गोष्टी ढकलतात. करंट डबक्यातून पसरत जातो त्याचं चुंबकीय बल, ते आत आणि खाली दाबतं. गरम रस हलका म्हणून वर येतो, हे बल एवढ्या छोट्या जागेत किरकोळ. आर्कचा वारा पृष्ठभागाला घासत बाहेरच्या बाजूला नेतो. आणि चौथं पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची ओढ), जे १२० ऍम्पिअरसारख्या करंटला सगळ्यांचा बाप आहे. लहानपणी पाण्याच्या ताटात कापराचा तुकडा टाकून तो गरगर फिरताना पाहिला असेल, तेच बल. जिथे पृष्ठताण जास्त तिकडे पाणी ओढलं जातं. ह्याला इटलीच्या कार्लो मारांगोनी ह्यांचं नाव आहे. शुद्ध धातूचा पृष्ठताण तापमान वाढलं की कमी होतो, मग आर्कच्या खाली मधोमध सगळ्यात गरम म्हणून तिथे ताण कमी, कडेला थंड म्हणून जास्त, आणि पृष्ठभागावरचा सगळा गरम रस मधून कडेकडे ओढला जातो. उष्णता कडेला जाते. डबकं पसरट आणि उथळ होतं.

म्हणजे तात्यांचं वाक्य, रस कडेला पळतोय, खाली बसत नाही. शब्दशः.

मग आधीच्या लॉटला का बसत होता? इथे गंधक म्हणजे सल्फर येतं. १९८२ साली अमेरिकेत हाइपल आणि रोपर ह्यांनी स्टेनलेसवर काम करून दाखवलं की पोलादातलं चिमूटभर सल्फर हा प्रवाह उलटा करतं. सल्फरचे अणू पृष्ठभागावर येऊन बसतात आणि ताण कमी करतात, पण जिथे फार गरम तिथे ते टिकत नाहीत, निघून जातात, म्हणून मधोमध ताण जास्त आणि कडेला कमी अशी परिस्थिती होते. आता रस कडेकडून मध्ये येतो आणि मधोमध खाली सूर मारतो, आर्कची उष्णता बरोबर घेऊन. डबकं अरुंद आणि खोल. १९८८ मध्ये साहू, देबरॉय आणि मॅकनालन ह्यांनी ह्याचं सूत्रच बसवून दिलं, तापमान आणि सल्फर किती ते घाला, पृष्ठताण किती बदलेल ते मिळतं. त्यातून अजून एक कळतं की तापमान एका हद्दीच्या वर गेलं की सल्फर असूनही प्रवाह परत बाहेरच्या दिशेला वळतो, म्हणून नुसता करंट वाढवत राहणं हा उपाय नाही.

चिमूटभर म्हणजे किती ते लिहितो म्हणजे लक्षात येईल. दहा लाखात तीसेक भाग किंवा त्याहून कमी असेल तर रस बाहेर पळतो, शंभरच्या वर गेलं की आत वळतो. आणि ३०४ ग्रेडच्या स्टँडर्डमध्ये सल्फरची वरची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे दहा लाखात ३००. खालची मर्यादा नाहीच. म्हणजे दोन्ही शीट ३०४, दोन्ही पास, दोन्हीचं बिल सारखं, आणि एका शीटवर रस खाली जातो तर दुसऱ्यावर बाजूला. आता पोलाद बनवणारे सल्फर फार खाली आणू शकतात, ते गंज आणि तडे ह्यांच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण फिलर न घालता टिग करणाऱ्याला त्याचा त्रास होतो आणि त्याला कुणी सांगत नाही. औषधाच्या कारखान्यात ३१६एल ह्या स्टेनलेसच्या दुसऱ्या ग्रेडच्या ट्यूब लागतात तिथे हे माहीत आहे, तिथलं एएसएमई बीपीई हे अमेरिकन स्टँडर्ड सल्फर ०.००५ ते ०.०१७ टक्के ह्यातच पाहिजे म्हणतं, खालची मर्यादा सुद्धा देतं. दुधाच्या टाकीवाल्याला मात्र कुणी काही म्हणत नाही.

हे मला कळलं कसं तर माझी मुलगी मेकॅनिकलला एम.टेक. करत होती आणि तिच्या प्रोजेक्टचा विषयच वेल्ड पूलचं, म्हणजे त्याच डबक्याचं, कॉम्प्युटर मॉडेल हा होता. एका रात्री जेवण झाल्यावर तिने लॅपटॉपवर दोन चित्रं शेजारी शेजारी चालवली, एकात सल्फर कमी, दुसऱ्यात जास्त, बाकी सगळं तेच, आणि बाण उलट दिशेला फिरत होते. मी बराच वेळ काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जुनी फाईल काढली, मिलची टेस्ट सर्टिफिकेट काढली, ज्यावर मालात काय किती आहे ते लिहिलेलं असतं (सवय म्हणून मी झेरॉक्स घरी ठेवायचो). आधीच्या लॉटचं सल्फर ०.०१२ टक्के, नव्या लॉटचं ०.००२ टक्के. कागद माझ्याकडेच होता. मी त्यावर क्रोमियम आणि निकेल बघून शिक्का मारला होता.

मुलीने अजून एक गोष्ट सांगितली ती आपल्या वाचकांपर्यंत पोचावी असं मला मनापासून वाटतं. हे मॉडेल सोडवायचं म्हणजे रसाच्या प्रत्येक छोट्या घनाकार तुकड्यात वेग किती, दाब किती, तापमान किती हे काढायचं आणि त्यातला दाब फार छळतो, कारण दाबाला स्वतःचं असं समीकरणच नसतं. त्यावर युक्ती अशी की दाबाचा आधी अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचे, मग प्रत्येक तुकड्यात जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातंय का ते तपासायचं, जात नसेल तर दाब दुरुस्त करायचा, परत वेग, परत तपासणी, जुळेपर्यंत. ह्या पद्धतीचं नाव सिंपल, ती १९७२ साली मांडली सुहास पाटणकर आणि लंडनचे त्यांचे गुरू ब्रायन स्पाल्डिंग ह्यांनी. पाटणकर आपल्या पुण्याचे, १९६२ ला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधून बी.ई., मग आयआयटी मुंबई, मग इंपिरियल कॉलेज, पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक. जगभरातल्या वेल्ड पूलच्या किती मॉडेलांच्या पोटात ही पद्धत आहे त्याला गणती नाही. आणि कॉलेजपासून पंधरा-वीस किलोमीटरवर भोसरीत मी इन्स्पेक्टर म्हणून बसलो होतो आणि मला हे नाव माहीत नव्हतं.

वितळण्याचं पण एक सुंदर आहे. मिश्रधातू एकदम एका डिग्रीला वितळत नाही, ३०४ साधारण १४०० ते १४५० च्या मध्ये अर्धवट असतो, बरोबर रवाळ तुपासारखा, दाणे पण आहेत आणि पातळ पण आहे. त्या दाण्यांमधून रस कसा वाहणार? १९८७ मध्ये व्होलर आणि प्रकाश ह्यांनी असं धरलं की ही जागा म्हणजे एक स्पंज आहे, जेवढा घन भाग जास्त तेवढी भोकं बारीक आणि रसाला अडथळा मोठा, पूर्ण घन झालं की वेग आपोआप शून्य. त्यामुळे सीमा कुठे आहे ते वेगळं शोधत बसावं लागत नाही, ती हिशोबातून आपोआप निघते. मला आमच्या आजीची तूप कढवायची कढई आठवली आणि गणित पहिल्यांदा आपलं वाटलं.

मॉडेल म्हणजे देव नाही हे पण लिहायला पाहिजे. एवढ्या तापमानाला धातूचे गुणधर्म मोजणं कठीण, आर्कची किती उष्णता खरोखर प्लेटमध्ये गेली हे पण अंदाजानेच धरतात, आणि शेवटी जोड कापून, पॉलिश करून, ऍसिड लावून वितळलेला आकार मॉडेलशी जुळतो का ते बघावंच लागतं. ऍल्युमिनियममध्ये तर उष्णता धातूतूनच इतकी भराभर पसरते की प्रवाहाचा फरक स्टेनलेसएवढा पडत नाही. मुलीचं पहिलं मॉडेल पण जुळलं नव्हतं, दोन महिने ती त्यावर बसली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की बातमीत निकृष्ट वेल्डिंग लिहिताना पुढचा एक प्रश्न विचारायला लावा, मालाचं सर्टिफिकेट कुणी बघितलं होतं का, वेल्डिंगची पद्धत ठरवताना ज्या लॉटवर चाचणी केली तोच लॉट वापरला का. छोट्या कारखान्यांच्या मालकांना सांगणं की शीट घेताना सर्टिफिकेटवरचा सल्फरचा आकडा वाचा, लॉट बदलला की दोन तुकडे जोडून कापून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. आकडा खाली असेल तर उपाय पण आहेत. थोडं फिलर द्या, किंवा आधी ऑक्साइडचा पातळ लेप लावा, ही पद्धत कीवच्या पॅटन इन्स्टिट्यूटमध्ये १९६० च्या दशकात निघाली आणि आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात त्यावर चांगलं काम झालंय. आणि आयटीआयमध्ये पण हे शिकवायला हवं. मी रिटायर होईपर्यंत वेल्डरच्या जागेसाठी कितीतरी पोरांचे इंटरव्ह्यू घेतले, पेनेट्रेशन कमी येण्याची कारणं विचारली की करंट कमी, स्पीड जास्त, गॅप कमी, घडाघडा सांगायचे, पण रस फिरतो आणि त्याला दिशा असते हे एकालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. हे शिकवायला इंटिग्रल लागत नाही, ताट, पाणी आणि कापूर लागतो, आणि नंतर एक ऍनिमेशन. ओपनफोम नावाचं प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प त्याचा प्रचार करतो, तिथलेच स्पोकन ट्युटोरियलवाले मराठीतून धडे करतात. वेल्ड पूलवर मराठीत दहा मिनिटांचा एक धडा कुणीतरी करावा, मी माझे सगळे फोटो आणि कापलेले नमुने द्यायला तयार आहे, माझा पत्ता आपल्या ऑफिसात दिला आहे.

मागच्या दिवाळीत मी मुलीला घेऊन कराडला गेलो होतो, तात्यांना भेटायला. त्यांना दोन्ही सर्टिफिकेटं दाखवली, माझं चुकलं म्हणून सांगितलं, आणि मुलीने मोबाईलवर ती दोन चित्रं लावली. तात्यांनी मोबाईल हातात घेऊन परत परत बघितलं, कमी सल्फरवालं जास्त वेळा. माझ्या माफीबद्दल ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मुलीला म्हणाले, "ताई, एकदा दोन वेगळ्या लॉटची शीटं जोडायला दिली होती, तेव्हा पडल मधोमध राहीना, एकाच शीटाकडे सरकायचा, मी टॉर्च किती पण सरळ धरला तरी. ते पण ह्याच्यामुळेच का?"

ती हो म्हणाली. कमी सल्फर असलेल्या शीटाकडे डबकं सरकतं, हे पण माहीत असलेलं आहे. त्या जोडाचा रिपोर्ट मी अजून फाईलमध्ये शोधतोय.

आपला,
भोसरीतला एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर